चाकावरचे आकडे काय सांगतात?

विद्यार्थी मित्रांनो, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीचे चाक तुम्ही कधी वाकून पाहिले आहे काय? टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत काही आकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, '२०५/५५ आर १६ ९१ व्ही'. धातूच्या चाकावरही, म्हणजे रिमवर, असेच काही कोरलेले असते. '७ जे × १६, ईटी ४७'. एखाद्या गुप्त लिपीसारखे हे दिसते. पण ही लिपी वाचता आली नाही, तर मोठा घोटाळा होऊ शकतो. तो कसा, ते आज आपण पाहू या.

एक उदाहरण घेऊ. जर्मनीतील म्यूनिक शहराच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९९८ साली आपल्या '३ सीरिज' मोटारीची चौथी पिढी बाजारात आणली. कारखान्यातील तिचे सांकेतिक नाव 'ई ४६'. चार दारांची, घरातल्या सर्वांना बसता येईल अशी, पण वळणावर चपळ आणि पळायला तेज. अशा मोटारीला 'स्पोर्ट सेडान' म्हणतात. समजा, म्यूनिकमधल्या एका तरुणाने अशी जुनी गाडी विकत घेतली. तिची १६ इंची चाके त्याला फारच साधी वाटतात. जवळच 'ई ३९' नावाच्या मोटारीची, म्हणजे त्याच कंपनीच्या थोरल्या '५ सीरिज'ची, १७ इंची सुंदर चाके स्वस्तात मिळत आहेत. कंपनी तीच, बोल्टही पाचच. मग घ्यायला काय हरकत आहे?

उत्तर देण्याची घाई नको. आधी आपण त्याच्या वतीने थोडे गणित करू.

टायरचे तीन आकडे

'२०५/५५ आर १६' यातील २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ हा आकडा मात्र मिलिमीटर नाही, ती टक्केवारी आहे. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत टायरची जी भिंत दिसते, तिची उंची रुंदीच्या ५५ टक्के आहे असा त्याचा अर्थ. १६ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे सुखाने नांदत आहेत! 'आर' म्हणजे रेडियल. टायरच्या आतील दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आऱ्यांप्रमाणे सरळ गेलेले आहेत, हे तो सांगतो.

आता पूर्ण चाकाचा व्यास काढू. भिंतीची उंची २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मि.मी. भिंत वरही असते आणि खालीही, म्हणून दुप्पट केली, २२५.५ मि.मी. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६.४ मि.मी. एकूण ६३१.९ मि.मी.

रिम १७ इंची घेतली, तर टायर कोणता घ्यावा? २२५/४५ आर १७ घेऊन पाहा. तेच गणित केले की ६३४.३ मि.मी. येतात. फरक अडीच मिलिमीटरांहूनही कमी! रिम एक इंचाने वाढली, तितकीच टायरची भिंत बुटकी झाली आणि पूर्ण चाक जवळजवळ तेवढेच राहिले. मोठ्या रिमला बुटका टायर लावतात तो एवढ्यासाठी. १८ इंची रिमवर २२५/४० चा टायर घेतला तर व्यास ६३७.२ मि.मी. होतो. हाही मूळ मापाच्या एका टक्क्याच्या आत आहे.

पण कोणी म्हणेल, याच घराण्यातल्या 'एम ३' या वेगवान मोटारीच्या पुढच्या चाकांवर २२५/४५ आर १८ टायर असतो. तोच घेतला तर? व्यास ६५९.७ मि.मी. येईल. मूळ मापापेक्षा ४.४ टक्के जास्त. यात बिघडले काय? वेगमापकाला रस्ता दिसत नसतो. चाक किती वेळा फिरले, एवढेच त्याला कळते. लहान चाक एका फेरीत सुमारे १.९८५ मीटर जाते, मोठे चाक २.०७ मीटर. वेगमापक अगदी अचूक आहे असे धरले, तर काटा १०० वर असताना मोटार खरोखर ताशी १०४ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असेल. चालकाला वाटेल आपण मर्यादेत आहोत, आणि तो मर्यादा ओलांडून पुढे गेलेला असेल. युरोपातील नियमाप्रमाणे वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. 'एम ३' चे वेगमापक तिच्या स्वतःच्या चाकांशी जुळवलेले असते, म्हणून तिला ते माप चालते. भावाचा चष्मा आपल्या डोळ्यांना चालेलच असे नाही!

शेवटचे '९१ व्ही' हे टायरची ताकद सांगते. ९१ या अंकाचा ठरलेला अर्थ असा, की एक टायर ६१५ किलोग्रॅमपर्यंत भार पेलू शकतो. 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना हे दोन्ही आकडे मोटारीला लागतात त्याहून कमी चालत नाहीत.

पाच भोकांचे कोडे

आता रिमकडे वळू. बैलगाडीच्या चाकात मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेर लोखंडी धाव असते. मोटारीच्या चाकातही हीच मांडणी आहे. फरक इतकाच की तुंब्याच्या जागी मोटारीला कायमचा जोडलेला 'हब' असतो आणि चाक त्यावर बोल्टांनी आवळतात.

'ई ४६' च्या चाकाला पाच भोके असतात आणि ती १२० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असतात. हे माप '५ × १२०' असे लिहितात. चार भोके असती, तर समोरासमोरच्या दोन भोकांमधले अंतर मोजून व्यास मिळाला असता. पाच भोकांत मात्र कोणत्याही भोकाच्या बरोबर समोर दुसरे भोक येत नाही. मग व्यास मोजायचा कसा?

भूमिती मदतीला येते. शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतील अंतर मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. वर्तुळाचा व्यास मिळेल. (नियमित पंचकोनात बाजू = व्यास × साइन ३६ अंश. हे सूत्र तुम्हाला वरच्या वर्गात भेटेल.) १२० मि.मी. च्या वर्तुळात हे अंतर ७०.५ मि.मी. येते.

येथे एक सापळा आहे. अमेरिकेतील अनेक शेव्हरोले मोटारींना ४.७५ इंचांचे वर्तुळ असते. म्हणजे १२०.६५ मि.मी. त्या चाकात शेजारच्या भोकांतील अंतर ७०.९ मि.मी. येते. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी! साध्या पट्टीला तो कळणार नाही, हाताला जाणवणार नाही, बोल्टही बहुधा आत जातील. पण ते किंचित तिरके बसतील आणि प्रत्येक फेरीला त्यांच्यावर वाकवणारा ताण येईल. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणूनच चाकाच्या बाबतीत 'जवळजवळ बसते' याचा अर्थ 'बसत नाही' असाच घ्यायचा.

आपल्या तरुणाची पसंती मात्र या कसोटीत उतरते. 'ई ३९' चे वर्तुळही ५ × १२० च आहे.

मधले भोक

चाकाच्या मध्यभागी एक मोठे भोक असते. ते हबच्या गोल उंचवट्यावर घट्ट बसते. चाक अगदी केंद्रावर बसवण्याचे काम हा उंचवटा करतो, आणि चाक हबवर आवळून धरण्याचे काम बोल्ट करतात. 'ई ४६' च्या हबचा उंचवटा ७२.६ मि.मी. व्यासाचा आहे. 'ई ३९' च्या चाकाचे भोक मात्र ७४.१ मि.मी. आहे. म्हणजे दीड मिलिमीटर सैल! चाक पाऊण मिलिमीटरपर्यंत एका बाजूला सरकून बसू शकते. अशा चाकाने गाडी वेगात थरथरू लागते.

यावर उपाय आहे. बाहेरून ७४.१ आणि आतून ७२.६ मि.मी. असे कडे मिळते. ते मध्ये बसवले की सैलपणा जातो. उलट प्रकार मात्र जमणार नाही. 'ई ४६' चे चाक 'ई ३९' वर चढणारच नाही. मोठे भोक भरता येते, लहान भोकात मोठा उंचवटा घालता येत नाही.

बोल्टांचीही एक गंमत सांगतो. चाकाचे वजन बोल्ट खुंटीप्रमाणे पेलतात, असे आपल्याला वाटते. खरे पाहता प्रत्येक बोल्ट चाकाला काही टन वजनाइतक्या जोराने हबवर दाबतो, आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण चाकाला जागेवर धरते. हा दाब नेमका यावा म्हणून बोल्ट किती आवळायचा हे ठरलेले असते. 'ई ४६' साठी ते १२० न्यूटन-मीटर आहे. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे २४ किलो वजन टांगले, तर एवढी पिळण्याची शक्ती मिळते. कमी आवळला तर बोल्ट सुटतो. जास्त आवळला तर ताणला जाऊन दुबळा होतो. शिवाय बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता चांदणी काढावी तसे एक सोडून एक आवळायचे, म्हणजे चाक सपाट बसते.

बोल्टाच्या डोक्याखालचा आकारही जुळावा लागतो. बी. एम. डब्ल्यू. चा बोल्ट तेथे शंकूसारखा निमुळता असतो, तर फोक्सवॅगन आणि श्कोडा यांचा चेंडूसारखा गोल. गोल खळगीत शंकू घातला, तर तो केवळ एका बारीक रेषेवर टेकतो आणि काही दिवसांत सैल होतो. डोळ्यांना मात्र सारे ठीकठाक दिसत असते.

ईटी म्हणजे काय?

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. रिमची रुंदी बरोबर निम्मी करणारे एक प्रतल कल्पा. चाक हबला ज्या पृष्ठभागावर टेकते, तो या मध्य-प्रतलापासून किती दूर आहे? ते अंतर म्हणजे 'ईटी'. एका लांबलचक जर्मन शब्दातील ही दोन अक्षरे आहेत. ईटी ४७ म्हणजे टेकण्याचा पृष्ठभाग मध्यापासून ४७ मि.मी. बाहेरच्या बाजूला आहे. म्हणून चाकाचा जास्त भाग मोटारीच्या आत शिरतो. ईटी कमी केला की चाक तितकेच बाहेर येते.

मूळ चाक पाहा, ७ जे, ईटी ४७. (७ ही रुंदी इंचांत. 'जे' हे रिमच्या काठाच्या आकाराचे नाव.) ७ इंच म्हणजे १७७.८ मि.मी. निम्मे ८८.९. त्यातून ४७ वजा केले, की हबच्या बाहेर ४१.९ मि.मी. उरतात. ४७ मिळवले, की आतल्या बाजूला १३५.९ मि.मी. होतात.

कंपनीनेच 'ई ४६' साठी ८ जे × १७, ईटी ४७ हे चाकही दिले होते. त्याचे निम्मे १०१.६. म्हणजे बाहेर ५४.६ आणि आत १४८.६. रुंदी दोन्ही बाजूंना समान वाढली, १२.७ मि.मी. कारखान्याने ही जागा मोजूनच सोडलेली होती.

आता 'ई ३९' चे चाक घ्या. तेही ८ जे × १७, पण ईटी २०! बाहेर ८१.६ आणि आत १२१.६ मि.मी. मूळ चाकापेक्षा ते जवळजवळ ४० मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीइतके बाहेर येणार. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावेल, खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डचा काठ टायरला घासेल, चिखल आणि खडे मागच्या लोकांवर उडतील.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेतली तर सहज नेता येते. तीच हात लांब करून धरा पाहू! वजन तेच, पण अंतर वाढले की खांद्यावरचा ताण वाढतो. चाक बाहेर सरकले की हबच्या आतील बेअरिंगवर नेमका असाच जास्तीचा ताण येतो. शिवाय पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षापासून टायर दूर जातो. मग एका चाकाला खड्डा लागला किंवा एकच चाक घसरले, की स्टिअरिंगला हिसका बसतो.

चाक बाहेर सरकवायचे असेल, तर हब आणि चाक यांच्यामध्ये चकती घालता येते. (मग बोल्टही तितकेच लांब हवेत.) पण आधीच फार बाहेर आलेले चाक आत ढकलायला काहीही घालता येत नाही. तेव्हा आपल्या तरुणाचा सौदा येथे मोडला. पाच बोल्ट जुळले, वर्तुळ जुळले, मधल्या भोकाला कडे मिळाले, पण ईटीने नकार दिला. त्याने ८ जे × १७, ईटी ४७ चाके आणि त्यांवर २२५/४५ आर १७ टायर घ्यावेत, हे शहाणपणाचे.

मोठे चाक चांगले की वाईट?

मग मोठ्या चाकाचा लाभ काय? टायरची भिंत बुटकी असली की वळणावर ती कमी वाकते आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी चटकन उत्तर देते. रिमच्या आत मोठ्या ब्रेकलाही जागा मिळते. पण रुंद टायर घेतला म्हणजे रस्त्याला जास्त क्षेत्रफळ टेकते, हा समज फारसा खरा नाही. टेकणारे क्षेत्रफळ मुख्यतः मोटारीचे वजन आणि टायरमधील हवेचा दाब यांवर ठरते. दीड हजार किलोच्या मोटारीचे एक चाक साधारण उघडलेल्या पंजाएवढ्या जागेवर टेकते. रुंद टायरने त्या जागेचा आकार बदलतो. ती आडवी आणि आखूड होते. वळताना हा आकार उपयोगी पडतो.

आता तोटा. बुटक्या टायरमध्ये उशी पातळ. खड्ड्याचा दणका सरळ रिमपर्यंत पोहोचतो. रिम वाकते किंवा तडकते. आपल्याकडील पावसाळ्यातील रस्ते आठवा, म्हणजे जास्त सांगायला नको.

वजनाचाही विचार हवा. १९२४ साली फ्रान्समधील लिआँच्या शर्यतीत बुगाटी कंपनीची 'टाइप ३५' मोटार ओतीव ॲल्युमिनियमची चाके लावून उतरली होती. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची सुमारे ७.८. म्हणून मिश्रधातूचे चाक नेहमीच हलके असणार असे वाटते. पण ॲल्युमिनियम पोलादाइतके बळकट नसते, म्हणून ते जाड घ्यावे लागते. मोठे, जाड, नक्षीदार चाक साध्या पोलादी चाकापेक्षा जडही भरते. घेण्यापूर्वी ते काट्यावर ठेवून पाहावे.

जड चाकाने काय होते? मोटारीचे शरीर स्प्रिंगांवर झुलते, पण चाक स्प्रिंगच्या खाली असते. उंचवट्यावरून गेलेले जड चाक पटकन खाली येत नाही, क्षणभर रस्ता सोडते. आणि हवेत असलेले चाक ना वळवता येते, ना थांबवता येते.

करून पाहा

एक बांगडी आणि साधारण तेवढ्याच व्यासाची भरीव लाकडी चकती घ्या. एका उतरत्या फळीवरून दोन्ही एकाच वेळी सोडा. कोण जिंकेल? चकती! बांगडीचे सारे वस्तुमान काठावर आहे, म्हणून उताराकडून मिळालेल्या ऊर्जेचा बरोबर अर्धा भाग तिला नुसते गरगर फिरण्यातच खर्चावा लागतो. चकतीचा फक्त एक तृतीयांश खर्च होतो. यावरून कळेल, की चाकाच्या काठावर वाढलेला १ किलो वेग घेताना २ किलोंसारखा वागतो. काही दुकानदार तो १० किलोंसारखा वागतो असे सांगतात, ते खरे नव्हे.

चाकाची परीक्षा

चांगल्या चाकालाही परीक्षा द्यावी लागते. यंत्रावर चढवून ते लक्षावधी वेळा वाकवतात, भाराखाली फिरवतात. १३ अंश तिरके धरून त्याच्या काठावर जड वजन पाडतात. तडा गेला की नापास. जपानी चाकांवर 'जेडब्ल्यूएल' आणि 'व्हीआयए' या खुणा असतात. जर्मनीत परवाना क्रमांक चाकावरच ओतलेला असतो, आणि कोणत्या मोटारीवर कोणत्या टायरसह ते चालेल याचा कागद सोबत मिळतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून चाक बदलण्यापूर्वी गाडीसोबतची पुस्तिका उघडावी. कोणती मापे चालतात, ते तिच्यात दिलेले असते.

तर मित्रांनो, ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारे एक अख्खे कुटुंब चार पंजांएवढ्या जागेवर तोललेले असते. त्या चार पंजांचे रक्षण कसे करायचे, ते चाकावरचे आकडे सांगत असतात. जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. एका मोटारीवर १८५/६५ आर १५ टायर आहेत. तिला १६ इंची रिम लावायची असून टायरची रुंदी १९५ मि.मी. ठेवायची आहे. तर भिंतीची टक्केवारी ५०, ५५ की ६० घ्यावी, म्हणजे चाकाचा व्यास मुळाच्या सर्वांत जवळ राहील? कागद-पेन्सिल घ्या आणि उत्तर काढा. मग शेजारच्या मोटारीचे टायर पाहून तिचाही व्यास काढा. मात्र गाडीच्या मालकाला आधी विचारा हं!